कोरड्या विहिरीत बुडून

१

फाइलमध्ये दोन कागद एकाच टाचणीनं टोचलेले होते आणि त्यांचं आपसात अजिबात पटत नव्हतं.

पहिला पोलिसांचा पंचनामा. त्यात लिहिलं होतं : विहीर अंदाजे चाळीस फूट, तळ कोरडा, पाण्याचा मागमूस नाही. दुसरा सरकारी दवाखान्याचा शवविच्छेदन अहवाल. त्यात लिहिलं होतं : मृत्यूचं कारण, पाण्यात बुडून.

"गजभारे," विमा कंपनीच्या नांदेड ऑफिसातले क्लेम मॅनेजर शरणप्पा साहेब म्हणाले, "तिकडं लातूरला रेल्वेनं पाणी चाललंय. टँकरजवळ जमावबंदी लावलीय. आणि हा माणूस कोरड्या विहिरीत बुडून मेलाय. कसं जमलं त्याला?"

"प्रयत्न केला असेल, साहेब," तारामती गजभारे म्हणाली.

साहेब हसले नाहीत. दोन हजार सोळाच्या त्या एप्रिलात कुणीच हसत नव्हतं. ऑफिसच्या कूलरमध्येसुद्धा पाणी नव्हतं. पंखा फिरायचा आणि आतलं वाळलेलं गवत कुरकुरायचं.

तारामतीचं वय तेहतीस. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ती गाड्यांच्या अपघातांचा तपास करायला लागली होती. अपघात झाला की कंपनी तिला पाठवायची; खरं काय घडलं ते लिहून आणणं एवढंच तिचं काम. खरं लिहिलं की बहुतेक वेळा कुणाचंतरी वाटोळं व्हायचं, पण त्याचे पैसे वेगळे मिळत नसत.

मेलेला माणूस शेषेराव नरवटे, वय बावन्न, राहणार सातझरी. उदगीर तालुक्यातलं, नांदेड जिल्ह्याच्या शिवेला टेकलेलं गाव. सोमवारी सकाळी सहाच्या सुमारास हा स्वतःच्या जीपसकट विहिरीत गेला. मालक स्वतः चालवत असताना मेला तर वारसाला दोन लाख, असं पॉलिसीत होतं. पॉलिसीच्या मागच्या पानावर, मुंगीला चष्मा लागेल अशा अक्षरात, ते दोन लाख कधी मिळणार नाहीत तेही होतं : चालक प्यायलेला नको, लायसन्स संपलेलं नको, गाडी भाड्यानं नको, मालवाहतूक नको, शर्यत नको. थोडक्यात, मराठवाड्यात जीप ज्या ज्या कामाला लावतात ते सगळंच नको, वर शर्यतही नको.

"लायसन्स चालू आहे. गाडी त्याच्याच नावावर. दारूचा वास नाही," साहेब म्हणाले. "म्हणजे सरळ केस आहे. फक्त पाणी कुठनं आलं ते सांगा."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर क्लेम संशयास्पद. नामंजूर."

फाइलच्या तळाशी वारसाचा फोटो होता. धुरपताबाई शेषेराव नरवटे, वय अठ्ठेचाळीस. फोटो काढताना कुणीतरी हसा म्हटलं असावं आणि तिनं ते ऐकलं नसावं.

२

शुक्रवारी उदगीरच्या स्टँडवर तिला घ्यायला कंपनीचा एजंट अमृतराव आला. सफारी, खिशाला दोन पेनं, कपाळाला घाम. त्याच्या जीपच्या दोन्ही अंगांना कापडी फलक बांधलेले होते : "नवीन जिल्हा झालाच पाहिजे."

"या मॅडम, म्होरं बसा. मागं सीट न्हाई. जिल्हा समितीच्या सभेला भोंगे न्यावं लागतात, म्हनून काढून ठिवली."

तारामती पुढं बसली. सीट हिरव्या रेक्झिनची, कडेला पिवळी गोट. मागं नुसता पत्रा होता आणि त्यावर एक भोंगा झोपला होता.

"गजभारे म्हंजे…?" अमृतरावनं गिअर टाकता टाकता विचारलं.

"म्हणजे तपास करणारे," तारामती म्हणाली.

तो विषय तिथंच मिटला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतं कुणीतरी सोलून ठेवल्यासारखी पडली होती. समोरून जीपा येत होत्या. पांढऱ्या पाट्यांच्या, म्हणजे खाजगी वापराच्या. एकीत चौदा माणसं. दुसरीत माणसं नव्हती, पाण्याचे ड्रम होते. तिसरीत ड्रमांवर माणसं होती. प्रत्येक ड्रायव्हर अमृतरावला हात करी.

"आपलेच कस्टमर," तो म्हणाला. "या भागात तेवीस जीपा हायत आपल्याकडं. सगळ्यांचा फुल इन्शुरन्स."

"फुल म्हणजे काय काय?"

"फुल म्हंजे फुल, मॅडम."

"मागचं पान वाचून दाखवता का त्यांना?"

"मागचं पान?" अमृतरावनं तिच्याकडं असं बघितलं, जसं तिनं पॉलिसीला शेपूट असतं का असं विचारलं होतं. मग तो भरभरून नव्या जिल्ह्याबद्दल बोलू लागला. जिल्हा झाला की कलेक्टर इथं, आरटीओ इथं, पाणीसुद्धा इथंच.

"पाणी कुठनं येईल?"

"जिल्ह्याला पाणी असतंच की, मॅडम. नियम हाय तसा."

सातझरी लागायच्या आधी, मुखेडचा रस्ता येऊन मिळाल्यावर, रस्ता एकदम वळतो. वळणाच्या आतल्या बाजूला बिनकठड्याची विहीर होती. अमृतरावनं गाडीचा वेग वाढवला. तारामती म्हणाली, "थांबवा."

३

विहिरीशी शेषेरावचा धाकटा भाऊ साहेबराव आधीच येऊन उभा होता. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले.

"दादा मुखेडला चालला व्हता, डॉक्टर आणायला," विचारायच्या आधीच तो म्हणाला. "लेक बाळंतीण हाय घरी."

तारामती विहिरीच्या काठाशी उकिडवी बसली. चार दिवस झाले होते, पण दुष्काळाचा एक उपयोग असतो : खुणा कुणी पुसत नाही. टायरचे चरे मातीत पोळीच्या वळासारखे साफ दिसत होते. मुखेडकडून गावाकडं आले होते. डॉक्टर आणायला निघालेला माणूस घराकडं तोंड करून विहिरीत पडला होता.

तिनं डांबर बघितलं. वळणावर डांबरात ताटलीएवढे गोल उमटले होते, एकाला एक लागून, पन्नास-साठ. रस्त्याच्या निम्म्या भागातून ओळ गेली होती.

"हे काय?"

"घागरी," साहेबराव म्हणाला. "टँकर हितं थांबतो. मानसं किती येळ उभी ऱ्हातील? म्हनून घागरी लावून ठिवतात नंबराला. उन्हात डांबर मऊ व्हतंय, बुडं उठतात."

"टँकर कधी आला होता?"

"बारा दिस झाले."

"आणि घागरी?"

"त्या काय, हायतच."

ओळीतल्या चार-पाच गोलांच्या अलीकडं टायर एकदम आत वळले होते. सरळ विहिरीकडं. तारामतीनं मोबाइलमध्ये फोटो काढला आणि तळाकडं बघितलं. तळ कोरडा ठाक. नुसता कोरडा नाही, सारवल्यासारखा साफ. एवढी साफ विहीर तिनं पाहिली नव्हती. विहिरीत कुणी झाडू मारतं का?

जीप क्रेननं काढून शाळेच्या मैदानात ठेवली होती. बॉनेट चेपून काचेपर्यंत आलेलं. तारामती आत वाकली. दारांच्या आतून चिखलाची रेघ गेली होती; पण आडवी नव्हती, वरून खाली उभी होती. म्हणजे जीप नाकावर उभी असताना पुढच्या भागात पाणी साचलं होतं, ड्रायव्हरच्या छातीपर्यंत. पाणी होतं. होतं तर गेलं कुठं?

मग ती मागं गेली. मागं सीट होती. हिरव्या रेक्झिनची, पिवळ्या गोटेची. पुढच्या दोन्ही सीटा तपकिरी.

तिनं सीटच्या बुडाशी हात घातला. चार नटांच्या जागी दोन होते, तेही हातानं फिरवलेले. चाळीस फूट नाकावर पडलेल्या गाडीत ही सीट ड्रायव्हरच्या मानेवर येऊन बसायला हवी होती. ती आपली मागं शहाण्यासारखी बसून होती.

"साहेबराव," ती म्हणाली, "ही सीट पडली नाही. ही सीट आली कुठनं?"

साहेबरावनं अमृतरावकडं बघितलं. अमृतरावनं नव्या जिल्ह्याच्या दिशेनं.

४

उत्तर कुणी दिलं नाही, चहा दिला.

पहिला चहा सरपंचाच्या ओट्यावर. घोट घेतला आणि तारामतीच्या नाकाला काहीतरी लागलं. दुसरा चहा शाळेच्या मास्तरांकडं. तोच वास. तिसरा शाळेमागं राहणाऱ्या धोंडाबाईकडं. म्हातारी सत्तरीची, बशी पुढं करताना एक थेंब सांडला, तो तिनं बोटानं टिपून तोंडात घातला.

"आजी, चहाला डिझेलचा वास येतोय."

"टँकरचं पाणी हाय ना बाई. टँकरला डिझेल लागतंयच."

"टँकर तर बारा दिवसांत आला नाही."

धोंडाबाईनं पदर तोंडाला लावला. अंगणात एक मोठी काळी प्लास्टिकची टाकी उलटी घातली होती. एका बाजूनं तडकलेली. त्या फटीतून कोंबड्या ये-जा करत होत्या. वरचं झाकण नव्हतं. तडकलेल्या कडेला पांढरा रंग खरचटून लागला होता, जीपच्या पत्र्याचा असतो तसा.

"कोंबड्यांना बंगला कधी बांधला, आजी?"

"सोमवारी," म्हातारी म्हणाली. मग जीभ चावली.

तारामतीनं बशी खाली ठेवली नाही. चहा संपवला, सगळा. तिला कळून चुकलं होतं की, आपण या केसमधला मुख्य पुरावा तीनदा प्यायलो आहोत.

पाणी विहिरीत आधी नव्हतंच. ते जीपमधून आलं. सातशे-आठशे लिटरची टाकी मागं ठेवलेली, गाडी नाकावर गेली, टाकी पुढं आदळून फुटली आणि सगळं पाणी डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या माणसावर ओतलं गेलं. डिझेलची नळी तुटली, ते त्यात मिसळलं. माणूस स्वतः आणलेल्या पाण्यात बुडाला. आणि मग गावानं विहिरीचा तळ वाट्यांनी, फडक्यांनी पुसून घेतला आणि ते पाणी चार दिवस गाळून प्यायलं.

आता ते दोन लाख. टाकी म्हणजे मालवाहतूक. खाजगी पॉलिसीत मालवाहतूक बसत नाही. रिपोर्ट चार ओळींचा होता आणि त्या चार ओळींत धुरपताबाई कुठंच बसत नव्हती.

"शेषेराव पाणी विकायचा का, आजी?"

धोंडाबाई उठली. तिनं दाराबाहेर बघितलं, अमृतराव लांब आहे का ते. "तू बाई हाईस," ती म्हणाली. "आतल्या खोलीत जा त्यांच्या. त्या खोलीत त्यो एजंट गेला न्हाई. कुनीच बाप्या गेला न्हाई."

५

नरवट्यांच्या घरात सोयर आणि सुतक एकाच वेळी चालू होतं. मागच्या शुक्रवारी मुलगी बाळंत झाली, सोमवारी बाप गेला. गावाला कळेना की भेटायला जावं की टाळावं. लोक दारापर्यंत येत आणि दोन्ही गोष्टी अर्ध्या अर्ध्या करून परत जात.

धुरपताबाई ओसरीवर बसली होती. तिच्या मागं पुठ्ठ्याचा एक मोठा खोका, न उघडलेला.

"पिठाची गिरणी हाय," ती म्हणाली. "त्यांनी आणली. लाइटीचं कनेक्शन अन् खोली व्हायची राहिली. पैसा आला तर चालू करीन. न्हाई आला तर हैदराबाद. साहेबरावाच्या वळखीनं बांधकामावर. लेकीचा नवरा बी तिकडंच हाय."

"बाळंतिणीला घेऊन?"

"तिथं सगळ्याच लेकुरवाळ्या असतात."

"मला तिला भेटायचंय."

"इटाळ हाय बाई अजून. आठवाच दिस."

"मी मानत नाही," तारामती म्हणाली आणि चपला काढल्या.

खोलीत अंधार, ओव्याची धुरी, लसणाचा वास. कोपऱ्यात मोरीची दगडी फरशी होती, आणि ती ओली होती. साऱ्या गावात ओला दगड तेवढा हा एकच. शेजारी चुलीवर हंडा. अयोध्या नावाची बावीस वर्षांची मुलगी एका लांब, जाड, तपकिरी गादीला टेकून बसली होती. मांडीवर आठ दिवसांचं लालबुंद पोर.

तारामती वाकली. गादीच्या बुडाशी लोखंडी चौकट आणि चार नटांची भोकं होती.

"ही जीपची सीट ना?"

"हाव. अण्णांनी काढून दिली," अयोध्या म्हणाली. "बाजेवर पाठ दुखायची. म्हनले, तुझं न्हाणं हुईस्तवर वापर, तवर टाकी ठिवतो मागं. रोज पहाटे जायचे. माझ्या सासऱ्याच्या बोअरला थोडं पाणी हाय मुखेडकडं. बाळंतिणीला तीन टाइम कढत पाणी लागतंय, म्हनायचे. सोमवारचं पाणी पाचवीसाठी व्हतं."

"विकत घ्यायचे ते पाणी? की विकायचे?"

मुलीनं तिच्याकडं अशी नजर टाकली की, तारामतीला पहिल्यांदाच आपला धंदा थोडा लाजिरवाणा वाटला.

"व्याह्याकडनं कोन विकत घेतंय, ताई?"

बाहेर अमृतराव ओसरीच्या पायरीशी उभा होता. आत यायची त्याची हिंमत नव्हती. तारामती उंबऱ्यातूनच म्हणाली, "सगळ्यांना शाळेत बोलवा. आणि तुमची जीप घेऊन या."

"माझी? ती कामून?"

"तिची एक सीट सापडलीय."

६

शाळेच्या लिंबाखाली तीस-चाळीस माणसं जमली. अमृतरावचे तीन जीपवालेही होते, मागं हाताची घडी घालून उभे. धुरपताबाई वर्गाच्या पायरीवर. तारामतीकडं ना खुर्ची होती ना आवाज. तिनं अमृतरावचा भोंगाच मागून घेतला असता, पण तो नव्या जिल्ह्यासाठी राखीव होता.

"मी सांगते, चुकलं तर मधेच थांबवा," ती म्हणाली. "सोमवारी पहाटे शेषेराव मुखेडकडून पाणी घेऊन येत होते. वळणावर घागरींची रांग रस्त्यात निम्म्यापर्यंत आली होती. ते घागरींवरून गाडी घालू शकले असते. पण त्यांनी गाडी आत घेतली."

बऱ्याच बायकांनी एकदम खाली बघितलं. घागरी ज्याच्या त्याच्या होत्या.

"माजी घागर पाचवी व्हती रांगेत," धोंडाबाई म्हणाली. "माज्याच घागरीपासनं वळला त्यो."

"साहेबराव, तुमच्या मोबाइलमध्ये नोंद असेल, तुम्ही साडेसहाला अमृतरावांना फोन केला. कारण अपघात झाला की फुल इन्शुरन्सवाल्याला फोन करायचा असतो. ते सव्वासातला आले, सगळ्या गावानं पाहिलंय. पंचनाम्यात लिहिलंय, पोलिसांना तुम्ही नऊला कळवलं. मधल्या वेळात काय झालं?"

साहेबराव म्हणाला, "आधी…" आणि थांबला. त्यानं वहिनीकडं बघितलं. धुरपताबाई जमिनीकडं बघत होती. "पाणी काढलं. दादाला काढलं. मग अमृतराव म्हनले, टाकी काढा, पाण्याचं नाव बी काढू नका, न्हाईतर एक रुपया भेटनार न्हाई. डॉक्टर आणायला चालला व्हता म्हना."

"आणि रिकामी जागा दिसू नये म्हणून मागं सीट हवी होती," तारामती म्हणाली. "जीपची खरी सीट घरातच होती. पण बाळंतिणीच्या खोलीत. तिथं पुरुष जात नाही. आणि बाईला सांगावं तर सगळा डाव वहिनींना कळला असता. तेव्हा त्यांनी स्वतःच्या जीपची काढली. गाडी नाकावर उभी होती, मागचं दार आभाळाकडं. दोरानं वरून सोडली, दोन नट हातानं फिरवले. विहिरीत उलट्या टांगलेल्या गाडीत सीट बसवणारा हा भारतातला पहिला एजंट असावा."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

अमृतरावच्या सफारीची पाठ ओली झाली होती. "मॅडम, ह्यांच्याच भल्यासाठी केलं म्या. बाईला दोन लाख भेटावं म्हनून."

"शेषेरावांनी पाणी विकलं नाही. पॉलिसीच्या मागच्या पानावर 'मालवाहतूक नको' याच्या पुढं कंसात तीन शब्द आहेत : स्वतःचं सामान वगळून. घरच्या बाळंतिणीच्या न्हाणीचं पाणी माझ्या मते स्वतःचं सामान होतं. टाकी जागेवर असती तर मी तेवढंच लिहून परत गेले असते. तुम्ही ती सीट टाकली आणि खरा क्लेम खोटा करून ठेवला. हे पान तुम्ही वाचलेलंच नव्हतं. 'पाणी म्हटलं की नाही' एवढंच तुम्हाला ऐकून माहीत होतं. मग एवढी धडपड कशासाठी? एका बाईच्या दोन लाखांसाठी स्वतःची सीट कोण देतं?"

अमृतराव खिशातली पेनं चाचपू लागला.

"तेवीस जीपा," तारामती म्हणाली. "सगळ्या खाजगी पॉलिसीवर. कुणी माणसं भरतं, कुणी ड्रम. एक क्लेम या कारणानं नामंजूर झाला असता, तर बावीस जणांनी तुम्हाला विचारलं असतं की, आमच्या फुलमध्ये नेमकं काय काय नाही."

लिंबाखालच्या तीन जीपवाल्यांनी एकमेकांकडं बघितलं. त्यांतला एक जण सावकाश चालत आपल्या गाडीपाशी गेला, समोरच्या खणातून प्लास्टिकची पिशवी काढली, पॉलिसी उलटी केली आणि डोळ्यांजवळ धरली. मग त्यानं हाक मारली, "ओ मास्तर, जरा वाचा बरं हे."

७

तारामतीनं धुरपताबाईचा नवा जबाब घेतला : आधीचा फॉर्म एजंटनं भरला, त्यात काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं नाही, खरी हकीगत ही. अंगठ्याची शाई वाळवायला फुंकर मारावी लागली नाही. त्या हवेत सगळंच आपोआप वाळत होतं.

नांदेडला शरणप्पा साहेबांनी रिपोर्ट वाचून चष्मा काढला. "खोटा पुरावा उभा केलाय, गजभारे. सरळ नामंजूर होतो."

"पुरावा कंपनीच्या एजंटनं उभा केलाय, साहेब. आपल्याच माणसानं केलेली लबाडी दाखवून आपण बाईचे पैसे अडवायचे, तर तसं लिहून द्या. मी फाइलला टाचते."

साहेबांनी लिहून दिलं नाही. फाइल वर पाठवली. दोन आठवड्यांनी ती एका शेऱ्यासह परत आली : "सदर पाणी हे मयताचे वैयक्तिक सामान होते याचा पुरावा जोडावा."

तारामती पुन्हा सातझरीला गेली. व्याह्यांचा जबाब घेतला, ओल्या फरशीचा फोटो घेतला, बारा बायांच्या सह्या-अंगठे घेतले. मग पुराव्याच्या रकान्यात शेवटची ओळ स्वतःच्या हातानं लिहिली : "मुलगा, वय सव्वीस दिवस, वजन तीन किलो, रोज अंघोळ घातलेला."

त्या ओळीमुळं की साहेबांना सुट्टीवर जायचं होतं म्हणून, कळायला मार्ग नाही. माणसाचे दोन लाख मंजूर झाले. गाडीचा क्लेम झाला नाही. अमृतरावची एजन्सी गेली. त्यानं सगळा वेळ नव्या जिल्ह्याला दिला, आणि नवा जिल्हा तेव्हाही झाला नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तारामती चेकच्या पावतीवर अंगठा घ्यायला गेली. ढग नव्हते. ओसरीवरचा खोका उघडलेला होता आणि गिरणीला लाल कुंकू लावलं होतं. आत अयोध्या पोराला थोपटत होती. धुरपताबाईनं अंगठा दिला, पदरानं पुसला, आणि मग हळू आवाजात विचारलं, "बाई, तुमच्या त्या कागदात हाय का ते?"

"काय?"

"साहेबराव खाली उतरला. वरडला, वैनी, दादा गेला. वर समदं गाव जमलं व्हतं. म्या वाकून बघितलं, तर पाणी मुरायलं व्हतं. डोळ्यादेखत मुरायलं व्हतं." तिनं अंगठा पुन्हा पदराला पुसला. "म्या म्हनलं, आधी पाणी काढा."

गिरणीच्या पट्ट्यावरून एक मुंगी चालली होती. दोघी तिच्याकडं बघत राहिल्या.

"नाही," तारामती म्हणाली. "त्या फॉर्मात तसा रकाना नाही."

धुरपताबाईनं मान हलवली, उठली आणि चहा ठेवला. टँकर आता एक दिवसाआड येत होता. तारामतीनं बशी तोंडाला लावली, एक घोट घेतला, आणि थांबून पुन्हा एक घेतला. चहाला कसलाच वास नव्हता.